कोल्हापूरची तालीम

तालीम म्हणजे कुस्तीची मेहनत करायची जागा. शब्द मूळचा अरबी, अर्थ शिकवण. आत लाल मातीचा हौदा, मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळलेलं, भिंतीत मारुती आणि वर वस्तादांचा शब्द. पण कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही, पेठेची ओळखच ती, त्यामुळे व्यायामाबद्दल लोकांचं मत कसं बनतं आणि कसं फिरतं ते बघायला याच्याइतकी भारी जागा नाही.

शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, खुराकाची सोय केली, 1912 साली खासबाग मैदान झालं, आणि घरात एक तरी पैलवान हवा असं लोकांना वाटायला लागलं. राजाश्रय गेला तसा खुराकाचा खर्च घरच्यांच्या अंगावर आला, दूध, बदाम, तूप, मटण हे सगळं पोरगं एखादी मोठी कुस्ती मारेल या आशेवर, आणि कुस्ती सुटली की पुढं काय याला उत्तर नाही. 'पैलवानाची अक्कल गुडघ्यात' हे ऐकून घ्यायचं ते वेगळंच. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, पण अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पालक असल्या गोष्टी बरोबर लक्षात ठेवतात.

आता हिशोब बदललाय. खेळाडूंना सरकारी नोकरीत आरक्षण, दहावी-बारावीला सवलतीचे गुण, म्हणून खेळायला परवानगी मिळते, आणि गुण पदरात पडले की बरीच पोरं खेळ सोडतात. (याला खेळाची आवड म्हणायचं का, मला तरी पटत नाही.)

सगळ्यात गंमत फुटबॉलची. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावं आज शाहू स्टेडियमवर फुटबॉल टीमची म्हणून गाजतात, म्हणजे खेळ बदलला तरी पेठेची ईर्ष्या तीच, पोरगं मैदानात उतरतं ते तब्येतीसाठी कमी आणि शेजारच्या तालमीला हरवायला जास्त.

पोरींना मात्र हौद्याजवळ फिरकू द्यायचं नाही ही बऱ्याच तालमींची जुनी रीत. पुरुषांची महाराष्ट्र केसरी 1961 पासून, महिलांची पहिली थेट 2023 ला सांगलीत झाली, तीही सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली.