डब्यातला शेवटचा बीजाणू

डबाबंद अन्नाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "त्यात प्रिझर्व्हेटिव्ह ठासून भरलेलं असतं, नाहीतर दोन-दोन वर्षं टिकेल कसं?" आणि सूक्ष्मजीवशास्त्र किंवा अन्नतंत्रज्ञान शिकायचं ठरवलेल्या मुलामुलींना ऐकावं लागतं, "त्यात स्कोप काय? जन्मभर टेस्टिंगच करायचं." मला या दोन समजुती सख्ख्या बहिणी वाटतात. डब्यामागे किती डोकं खर्ची पडलंय हे दिसत नाही, म्हणून एकीकडे रसायनांवर संशय आणि दुसरीकडे माणसांच्या कामाला कमी लेखणं.

मटार, मका, मासे अशा कमी आंबट पदार्थांचा नीट प्रक्रिया केलेला डबा टिकतो तो उष्णता आणि हवाबंद झाकण या दोन गोष्टींमुळे. टिकण्यासाठी वेगळं प्रिझर्व्हेटिव्ह घालण्याची गरजच नसते.

ही युक्ती निकोला अपेर या फ्रेंच माणसाची. बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, उकळत्या पाण्यात ठेवायचं. 1810 मध्ये फ्रेंच सरकारने त्याला 12,000 फ्रँकचं बक्षीस दिलं. पण अन्न का टिकतं हे अपेरला माहीत नव्हतं. जंतूंमुळे पदार्थ नासतात हे पाश्चरने दाखवलं ते त्यानंतर अर्ध्या शतकाने. मधल्या काळात डबे कधी टिकायचे, कधी फुगायचे, आणि कारखानदार अंदाजाने वेळ वाढवायचे.

1895 मध्ये अमेरिकेतल्या अंडरवुड या डबाबंद अन्नाच्या घराण्यातले विल्यम लायमन अंडरवुड फुगलेल्या डब्यांची तक्रार घेऊन एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत आले. तिथे त्यांची गाठ सॅम्युएल प्रेस्कॉट या तेवीस वर्षांच्या तरुणाशी पडली. प्रेस्कॉटची पदवी रसायनशास्त्राची. दोघांनी मिळून शिंपल्यांचे डबे तपासले आणि दोषी सापडले ते बीजाणू करणारे जिवाणू. बीजाणू म्हणजे वाईट काळ काढण्यासाठी जिवाणूने घेतलेलं चिवट, झोपी गेलेलं रूप. उकळत्या पाण्याच्या तापमानाला ते दाद देत नव्हते. रसायनाची पदवी घेतलेला हा माणूस पुढे अमेरिकेतल्या जिवाणूशास्त्रज्ञांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि 1939 मध्ये अन्नतंत्रज्ञांची संस्था स्थापन झाली तेव्हा तिचाही पहिला अध्यक्ष झाला. आज कॉलेजात ज्या तीन विषयांचे तीन वेगळे मजले असतात, ते एका माणसाच्या एका कारकिर्दीत मावले होते.

आता मला सगळ्यात आवडणाऱ्या भागाकडे येतो. जरा आकडेमोड आहे, पण सोबत राहा.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढतो, म्हणजे बंद डबा त्याला घरासारखा. त्याचं विष माणसाला माहीत असलेल्या विषांपैकी सर्वांत जहाल. गंमत म्हणजे हे विष स्वतः उकळल्यावर काही मिनिटांत निकामी होतं, पण जिवाणूचा बीजाणू मात्र उकळ्या सहन करून जिवंत राहतो. बीजाणूचा गाभा जवळजवळ कोरडा असतो आणि त्यात कॅल्शियम व डायपिकोलिनिक आम्ल यांचा संयुक्त साठा असतो. प्रथिनांची घडी उष्णतेने मोडायला भोवती पाणी लागतं. तेच कमी असल्यामुळे बीजाणूतली प्रथिनं टिकून राहतात.

मग तो मरतो कसा? आपल्याला वाटतं, दहा मिनिटांनी सगळे एकदम मरत असतील. तसं होत नाही. ठरलेल्या तापमानाला ठरावीक वेळात नव्वद टक्के मरतात. उरलेल्यांतले नव्वद टक्के पुन्हा तेवढ्याच वेळात. या वेळेला 'डी' म्हणतात. बोट्युलिनमच्या बीजाणूंसाठी 121.1 अंश सेल्सियसला डी धरतात 0.21 मिनिट, म्हणजे साधारण साडेबारा सेकंद. दहा लाख बीजाणू असतील तर एका डीनंतर एक लाख, दुसऱ्यानंतर दहा हजार, असं करत सहा डीनंतर एक उरतो. आणि सातव्या डीनंतर? 0.1 बीजाणू. अर्धा-पाव बीजाणू नसतोच. त्याचा अर्थ असा की तसे दहा डबे असतील तर त्यांतल्या एखाद्यात एक जिवंत असेल. इथे मोजणी संपते आणि शक्यता सुरू होते. मला हा क्षण विलक्षण वाटतो. शून्य कधीच येत नाही, फक्त शक्यता दहा-दहा पटींनी आकसत जाते.

उद्योगाने ठरवलेली रेघ आहे बारा डी. 0.21 गुणिले 12, म्हणजे 2.52 मिनिटं. प्रत्येक डब्यात एक बीजाणू होता असं धरलं, तर एक लाख कोटी डब्यांत एक जिवंत राहील. या आकड्यांचा पाया एस्टी आणि मायर यांनी 1922 मध्ये घातला. त्याआधी 1919-20 मध्ये अमेरिकेत डबाबंद ऑलिव्ह खाऊन माणसं दगावली होती. कार्ल मायर शिक्षणाने पशुवैद्यक. त्यांनी आणि एस्टींनी जिवाणूच्या शंभराहून अधिक वाणांचे बीजाणू तपासले. त्या मोजमापांत पुढे दुरुस्त्या होत आजचा आकडा आला.

तापमान बदललं की वेळ किती बदलतो, यासाठी दुसरा आकडा, 'झेड'. या बीजाणूंसाठी तो 10 अंश. तापमान 10 अंशांनी उतरलं की वेळ दहापट. 111 अंशांना 25 मिनिटं, 101 ला चार तासांहून जास्त, आणि साध्या उकळत्या पाण्यात, 100 अंशांना, जवळजवळ साडेपाच तास. मटारचा तोवर लगदा होईल. म्हणून रिटॉर्ट, म्हणजे कारखान्याच्या मापाचा प्रेशर कुकर लागतो. आतला दाब बाहेरच्या दुप्पट झाला की वाफ सुमारे 121 अंशांवर जाते.

पण वाफ 121 ला आहे म्हणून डब्याचा मध्य 121 ला आहे असं नाही. अन्नतंत्रज्ञाचं खरं काम इथे सुरू होतं. डब्याला भोक पाडून थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार आत सोडायची आणि सर्वांत उशिरा तापणारी जागा शोधायची. घट्ट पदार्थात ती बरोबर मध्यात असते, पातळ रश्शात मध्याच्या थोडी खाली, कारण गरम द्रव कडेने वर चढतो आणि थंड मधून खाली बसतो. मग त्या जागेचं तापमान मिनिटामिनिटाला टिपून बेरीज करायची: 111 अंशांवरचं एक मिनिट म्हणजे 121 वरचे सहा सेकंद, 101 वरचं एक मिनिट म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. ही बेरीज ठरलेल्या रेघेच्या पुढे गेली तरच तो माल बाहेर. प्रत्यक्षात तो आकडा 2.52 पेक्षा बराच वर ठेवतात, कारण विषारी नसलेले पण अन्न नासवणारे काही बीजाणू याहून चिवट असतात.

आंबट पदार्थांना इतका जाच नाही. सामू (pH, आंबटपणाचं माप; जितका कमी तितका पदार्थ आंबट) 4.6 च्या खाली असेल तर बोट्युलिनमचे बीजाणू रुजतच नाहीत. हे सामूचं मापही एका अन्नाशी निगडित प्रयोगशाळेतून आलं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन यांनी 1909 मध्ये ते मांडलं. त्यांच्याआधी तिथेच रसायन विभागाचे प्रमुख असलेल्या योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये प्रथिनं मोजायची पद्धत दिली. नमुना सल्फ्युरिक आम्लात शिजवायचा, नायट्रोजनचा अमोनिया करून मोजायचा आणि 6.25 ने गुणायचं. प्रथिनात सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो, म्हणून हा गुणाकार.

लक्षात आलं का? ही पद्धत नायट्रोजन मोजते. प्रथिन आपण त्यावरून ताडतो. चीनमध्ये 2008 साली उघडकीला आलेल्या प्रकरणात पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे प्लास्टिकच्या कामाचं रसायन मिसळलं होतं. मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो, म्हणजे एक ग्रॅम मेलामाइन कागदावर चार ग्रॅमहून जास्त प्रथिन दाखवतं. सहा बाळं गेली, सुमारे तीन लाख आजारी पडली, मूत्रपिंडांत खडे होऊन. आपला आकडा नेमकं काय मोजतोय, हा प्रश्न सतत विचारत राहणं हीच वैश्लेषिक रसायनतज्ज्ञाची नोकरी. ज्याला हे 'नुसतं टेस्टिंग' वाटतं, त्याने त्या तीन लाख घरांचा विचार करावा.

याच संदर्भात 'केमिकल-फ्री' या शब्दाचा मला मनापासून राग आहे. पाणी हेही रसायन आणि बोट्युलिनमचं विषही पूर्ण नैसर्गिक. आणि वास घेऊन डबा चांगला की वाईट ठरवणाऱ्यांना हात जोडून सांगतो: या विषाला स्वतःचा वास नाही, चव नाही. फुगलेला किंवा गळका डबा न चाखता टाकून द्या.

प्रेस्कॉटच्याच वर्षी, 1872 मध्ये, मेरी एंगल पेनिंग्टन जन्मली. तिने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पदवीचा अभ्यास पुरा केला, पण बाई म्हणून 1892 मध्ये तिला पदवी नाकारून नुसतं प्रमाणपत्र दिलं. तीन वर्षांत तिने तिथूनच रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. मग जिवाणूंच्या तपासण्या, दुधाची स्वच्छता. सरकारी परीक्षेला ती 'एम. ई. पेनिंग्टन' अशा नावाने बसली, बाई आहे हे कळू नये म्हणून. 1908 मध्ये ती अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नसंशोधन प्रयोगशाळेची प्रमुख झाली आणि अंडी, कोंबड्या, शीतगृहं, बर्फाचे रेल्वेडबे यांचे नियम तिने बसवले. रसायन, जंतू, अन्न: तिच्याही कारकिर्दीत तिन्ही.

आजचं रोजचं काम बाहेरून संथ दिसतं. नमुना दहा-दहा पटींनी पातळ करायचा, त्यातला 0.1 मिलिलिटर पेट्री डिशवर पसरायचा, उबवणीत ठेवायचा आणि दोन दिवसांनी ठिपके, म्हणजे जिवाणूंच्या वसाहती, मोजायचे. दहा हजार पट पातळ केलेल्या नमुन्याच्या डिशवर 47 वसाहती, म्हणजे मूळ मिलिलिटरमध्ये 47 लाख. ठिपके 30 पेक्षा कमी असतील तर त्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही, 300 च्या वर गेले तर ते एकमेकांत मिसळतात.

आणि एखाद्या दिवशी रिटॉर्टच्या नोंदीत डब्याच्या मध्याला 121 ऐवजी 119 दिसतं. दोनच अंश. हिशेब करा: तेवढ्याच माऱ्याला आता 2.52 ऐवजी चार मिनिटं लागतात. नोंदीत तीनच आहेत. गाडी दारात उभी आहे, विक्री विभागाचा फोन चालू आहे आणि कागदाच्या तळाशी सहीची जागा रिकामी आहे. ती सही न करता 'माल थांबवा' असं लिहिणारी व्यक्ती बहुतेक वेळा पंचविशीतली, पहिल्याच नोकरीतली असते.