महामार्गाला नाव कुणाचे? लेडी जमशेटजींपासून दि. बां.पर्यंत

माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी एकेकाळी होडीनेच ओलांडावी लागे. तिथे बांध घालायला कंपनी सरकार पैसे देईना. अखेर सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही, अशी अट घातली. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. तिकडे जाणारा रस्ता लेडी जमशेटजींच्या नावाने ओळखला जाऊ लागला. रस्त्याला नाव देण्यामागे इतके चोख कारण पुढे क्वचितच दिसते.

एरवी नावे सत्तेबरोबर बदलली. गव्हर्नर हॉर्नबीच्या रस्त्यावर दादाभाई नौरोजी आले, गिरगाव रोडवर नाना शंकरशेट. शहराबाहेर पडणाऱ्या मोठ्या रस्त्यांना मात्र देशपातळीवरची नावे मिळाली: आग्रा रोडचा लालबहादूर शास्त्री मार्ग झाला, उपनगरातल्या घोडबंदर रोडचा स्वामी विवेकानंद मार्ग. लोकांच्या तोंडी उरले ‘एलबीएस’ आणि ‘एस. व्ही. रोड’.

मुंबईतल्या रस्त्यांची आणि चौकांची नावे महापालिका ठरवते. त्यामुळे वॉर्डातले शिक्षक, डॉक्टर, कामगार पुढारी यांची वर्णी चौकाच्या पाटीवर तरी लागते. महामार्ग अनेक गावांतून जातो, त्याचे नाव वरच ठरते. राष्ट्रीय महामार्गाला तर मुळात क्रमांकच असतो, आणि तोही कायमचा नाही. २०१० च्या फेरक्रमांकात मुंबई-गोवा महामार्ग १७ चा ६६ झाला.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला. यशवंतराव चव्हाणांचे नाव त्याला २००९ मध्ये मिळाले. बोलताना तो अजून ‘एक्स्प्रेस हायवे’च. नागपूरहून निघणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा निर्णय डिसेंबर २०१९ चा, मुख्यमंत्रिपदी तेव्हा उद्धव ठाकरे. दहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात गेल्या, पण त्यांच्यातला कुणी पाटीवर नाही. आळंदी-देहूच्या पालखी मार्गांना ज्ञानोबा-तुकोबांची नावे सरकारने ठेवली खरी, पण ती वारकऱ्यांनी आधीच चालून ठेवली होती.

खालून आलेली सगळ्यात ठळक मागणी रस्त्याची नसून नवी मुंबई विमानतळाची आहे. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा दि. बा. पाटील प्रकल्पग्रस्तांचे पुढारी होते. जानेवारी १९८४ च्या जासई-उरण आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. २०२१ मध्ये विमानतळाला बाळासाहेबांचे नाव देण्याचा प्रस्ताव पुढे येताच भूमिपुत्र ‘दि. बां.’साठी रस्त्यावर उतरले. ऑगस्ट २०२२ मध्ये विधिमंडळाने दि. बां.च्या नावाचा ठराव करून तो केंद्राकडे धाडला.