वाफसा मोजायचा कसा?

निपाणी-चिकोडीकडं पाऊस उघडला की बांधावर पहिला प्रश्न: "वाफसा आला काय?" जाणता माणूस वीतभर खालची माती मुठीत दाबून बघतो. लाडू वळला आणि बोटानं टोकरल्यावर फुटला, की घाला औत. हाताला चिकटली तर थांबायचं. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळून तिथं हवा शिरली, बारीक पोकळ्यांत मात्र ओल टिकून आहे, अशी ही अवस्था. खानापूरकडच्या भाताच्या खाचरांत रोपलागणीला चिखलच लागतो, तिथं वाफशाची घाई नाही.

आता मुठीच्या जोडीला सेन्सर आलेत. सगळ्यात स्वस्त दोन दांड्यांचा, मातीतून वीज किती सहज जाते ते बघणारा. खत टाकलं की क्षारांमुळं तो फसतो, शिवाय दांड्या गंजतात. त्याहून बरा धारकता (कपॅसिटन्स) सेन्सर, भोवतीच्या मातीत विद्युत क्षेत्र तयार करून तिचा प्रतिसाद मोजणारा. विद्युत क्षेत्राला पाणी फार जोरात प्रतिसाद देतं: हा प्रतिसाद सांगणारा आकडा, म्हणजे परावैद्युत स्थिरांक, पाण्याचा सुमारे ८०, मातीच्या कोरड्या कणांचा ३ ते ५, हवेचा १. त्यामुळं ओल थोडी वाढली तरी आकडा हलतो.

पण आमची काळी जमीन वाळली की आक्रसते. एकदा उसात असाच सेन्सर खोचला, तर रान ठणठणीत कोरडं असल्याचा आकडा आला. उकरलं तर ढेकूळ ओलं! सेन्सरच्या पात्याला लागूनच भेग पडलेली. बिचारा हवाच मोजत होता.

दुसरी गोम टक्क्यांची. वाळूसर तांबड्या रानात २० टक्के ओल म्हणजे चंगळ. भारी काळ्या रानात तेवढ्यावर पीक माना टाकतं. चिकणमातीचे कण पाणी इतकं घट्ट धरतात की मुळांना ते ओढून घेता येत नाही. ती ओढच मोजतो टेन्शिओमीटर: पाण्यानं भरलेली बंद नळी, खाली सच्छिद्र मातीचा कप, वर काटा. माती कपातून पाणी शोषते, नळीत निर्वात तयार होतो, काटा चढतो. चिंब मातीत शून्य, पाणी निथळल्यावर साधारण १० ते ३० सेंटिबार (ही ओढ मोजायचं एकक). सुमारे ८० सेंटिबारच्या पुढं नळीत हवा शिरते आणि काम थांबतं. पीक कायमचं कोमेजतं ते १५०० च्या आसपास. तिथवर हा पोचतच नाही. पण पाणी कधी द्यायचं, एवढं कळायला ८० पुरे.

उसात असे दोन रोवावेत, एक फूटभर खोल, दुसरा दोन फूट. रात्रीची लाईट आली म्हणून मोटर सोडायची आणि झोपायचं, ही आपली रीत. सकाळी फूटभर खोलवाल्याचा काटा उतरलेला असतोच. दोन फुटांवरच्याचा आठवडाभर शून्यालाच चिकटून असेल, तर मुळांना हवा मिळत नाही आणि युरियाही पाण्याबरोबर खाली चाललाय.