डेहराडूनचा एअरपोर्ट वेगळा, डेहराडून वेगळं

चारधामचा सीझन जवळ आला की ओळखीतलं कोणीतरी प्लॅन पाठवतं, "जरा बघून सांग ना", आणि पहिल्याच ओळीत तीच चूक. दुपारी विमानाने डेहराडून, रात्री डेहराडूनला मुक्काम, सकाळी ऋषिकेशकडे प्रस्थान. (हे "प्रस्थान" टूरवाल्यांनी कुठून उचललंय देव जाणे, आपण काय पालखी घेऊन निघालोय का.)

डेहराडून शहर बहुतेकांना माहितीच असतं, घंटाघर, पलटन बाजार, एफआरआयची (वन संशोधन संस्थेची) ती अवाढव्य इमारत, वर मसुरी, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. फक्त त्याला हिल स्टेशन म्हणू नका. शहराची उंची साधारण 640 मीटर, आपलं पुणं 560 वर, म्हणजे फरक तो काय. दून म्हणजे खोरं. मे महिन्यात तिथे घामच येतो, स्वेटर मसुरीसाठी ठेवा, ती 2000 मीटरवर आहे.

आता खरा घोळ. तिकिटावर डेहराडून छापलेलं असलं तरी विमान उतरतं जॉली ग्रँटला. हे शहराचं उपनगर वगैरे नाही, डोईवाल्याच्या पुढे, शहरापासून 25-30 किलोमीटर लांब, आणि लांब आहे ते नेमकं ऋषिकेशच्या दिशेने. एअरपोर्टवरून ऋषिकेश साधारण 20 किलोमीटर. म्हणजे "डेहराडून एअरपोर्ट"ला डेहराडूनपेक्षा ऋषिकेश जवळ! बाहेरच्या रस्त्याला लागलं की एका बाजूला भानियावाला, डोईवाला, लच्छीवालाचा टोलनाका आणि मग डेहराडून, दुसऱ्या बाजूला रानीपोखरी आणि ऋषिकेश. दोन्ही दिशा एकमेकींच्या बरोब्बर उलट. हरिद्वारला जायचं असलं तरी भानियावाल्याहूनच वळता येतं, शहरात शिरायचं काही कारण नाही. शिर्डीचा एअरपोर्ट काकडीला आहे हे आपल्याला पाठ असतं, मग इथेच नाव वाचून डोळे मिटून हॉटेल का बुक करतो आपण?

माझ्या मावशीच्या ग्रुपला एका एजंटने असंच डेहराडूनात झोपवलं. विमानातून उतरून तासभर ट्रॅफिकमधून शहरात, हॉटेल स्टेशनजवळ, रात्रभर हॉर्न, आणि सकाळी सहाला उठून गाडीत. मावशी मांडीवर थर्मास धरून बसलेली, चहा अजून ओतलाही नव्हता, तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "आंटीजी, कल यहीं उतरे थे ना आप?" बाहेर एअरपोर्टचाच बोर्ड. येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर आणि एक रात्र, कशासाठी तर तिकिटावरच्या नावासाठी.

तर बद्री-केदार, ऋषिकेश, राफ्टिंग यापैकी काहीही असेल तर थेट ऋषिकेशलाच राहा, पुढे देवप्रयाग-रुद्रप्रयागचा रस्ता तिथूनच सुरू होतो. मसुरीला जायचं असेल तर मात्र शहराकडेच वळावं लागतं, आणि चारही धाम करताना यमुनोत्रीपासून सुरुवात करून मसुरी-बडकोटच्या रस्त्याने जाणार असाल तर डेहराडूनचा मुक्काम बरोबर आहे, तेव्हा उगाच ऋषिकेशला जाऊ नका.

अजून एक, हेलिकॉप्टरवाले. चारधामची हेलिकॉप्टर पॅकेजेस साधारणपणे सहस्रधारा हेलिपॅडवरून निघतात, आणि ते डेहराडून शहराच्या बाजूला आहे, एअरपोर्टवर नाही. तिथे आदल्या रात्री शहरातच राहायला हवं. (जॉली ग्रँटहून थानो-रायपूरचा जंगलातला रस्ता घ्या, मला तो हायवेपेक्षा दहापट आवडतो.) फक्त केदारनाथची फेरी हवी असेल तर ती गुप्तकाशी, फाटा, सिरसीहून असते, डेहराडूनहून नाही.

परतीला उलटा हिशोब करा. मसुरीहून एअरपोर्ट 60 किलोमीटरच्या आसपास, पण शनिवार-रविवारी त्या घाटात गाड्या एकामागोमाग उभ्या असतात, मी तीन तास धरतो. सकाळचं विमान असेल तर मी आदल्या संध्याकाळीच खाली उतरतो आणि झोपायला डोईवाला किंवा ऋषिकेश गाठतो, घंटाघराचं दर्शन झालं नाही तरी चालतं.