डीबगरच्या हातात प्रोग्रॅम मरतो तेव्हा

आमच्या बेळगावच्या लॅबमध्ये खानापूरकडच्या एका पोराने परवा हाक मारली, "सर, हे मेलंय की जिवंत हाय?" जीडीबी, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून आत डोकावू देणारा डीबगर, ब्रेकपॉइंटवर (थांबायची खूण केलेल्या जागी) निवांत थांबला होता. शेजारच्याने गंमत म्हणून दुसऱ्या टर्मिनलवरून तोच प्रोग्रॅम किल -९ या सक्तीने मारणाऱ्या आज्ञेने उडवला होता. पोराने प्रोग्रॅम काउंटर, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या सूचनेवर आहे तो पत्ता, विचारला, तर जीडीबीने मघाचाच पत्ता सांगितला, कारण तो आधीच वाचून ठेवलेला. 'कंटिन्यू' म्हटल्यावर कुठे खरं बाहेर आलं: सिगकिलने (किल -९ पाठवतो त्या सिग्नलने) संपला, प्रोग्रॅम आता उरलेला नाही.

हे लटकणं जुनंच. पीट्रेस, म्हणजे डीबगर ज्यातून दुसरा प्रोग्रॅम हाताळतो तो सिस्टिम कॉल, युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत, १९७५ साली आला. जीडीबी १९८६ चा. तेव्हा एक प्रोग्रॅम म्हणजे चालणारी एकच वाट. डीबगर 'वेट' करत, म्हणजे कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) बातमीची वाट बघत बसायचा, मेल्याची बातमी तिथूनच यायची, विषय संपला.

थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या अनेक वाटा, आले आणि गणित बिघडलं. दहातले चार थांबलेत, सहा पळतायत. पळणाऱ्यांपैकी एकाने एक्झिट केलं की कर्नल सगळ्यांनाच घेऊन जातो. डीबगरच्या वहीत मात्र ते चार अजून 'थांबलेले' असतात. बाहेरून आलेला सिगकिल तर त्याला अडवताच येत नाही. बाकीचे सिग्नल आधी डीबगरच्या हातात पडतात, हा एकटा परस्पर जातो.

खरा घोळ आहे तो एका अर्धवट निरोपाचा. मेलेल्या थ्रेडवर पीट्रेस चालवलं की कर्नल ईएसआरसीएच हा चुकीचा कोड परत करतो, म्हणजे 'अशी प्रक्रिया (चालता प्रोग्रॅम) नाही'. पण थ्रेड जिवंत असून थांबलेला नसेल, तरी तोच निरोप. तो या डीबगरच्या ताब्यातलाच नसेल, तरीही तोच. दारात उभं राहून "अण्णा आहेत का?" विचारावं आणि आतून नुसतं "नाहीत" यावं, तसं. बाजारात गेलेत की गेलेच? कन्नडमधल्या 'इल्ला'नेही हा पेच सुटत नाही, हे इथे दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना सांगायला नको. पीट्रेसचं मॅन पेज (माहितीचं पान) हे तिन्ही अर्थ एकाच वाक्यात देऊन मोकळं होतं. 'मेला'साठी वेगळा आकडा पहिल्यापासून ठेवला असता, तर पुढची निम्मी डोकेदुखी टळली असती.

२०१५ च्या सुमारास जीडीबीच्या लिनक्स भागात एक तोड निघाली. थ्रेड पुढे चालवताना ईएसआरसीएच आला, तर प्रॉकमध्ये, म्हणजे कर्नल प्रत्येक प्रक्रियेची माहिती दाखवतो त्या फोल्डरमध्ये, जाऊन त्याची अवस्था बघायची. तिथे लहान लिपीतला टी, म्हणजे डीबगरने थांबवलेला, दिसला नाही तर तो मेला किंवा मरायला टेकला असं धरायचं, चूक गिळायची आणि 'वेट'कडून रीतसर बातमी येईपर्यंत गप्प बसायचं. माणूस गेला तरी नोंद झाल्याशिवाय उताऱ्यावरचं नाव निघत नाही, त्यातलाच प्रकार. मला ही तोड पटते. पण गिळलेली चूक कुणाला दिसत नाही, आणि न दिसणारी चूक तपासायची कशी?

जीडीबीचे टेस्ट डेजाग्नू या टेस्ट चालवणाऱ्या साधनावर चालतात: आज्ञा द्यायची आणि उत्तराचा मजकूर जुळतो का बघायचं. या विषयावरचा सरधोपट टेस्ट म्हणजे प्रोग्रॅम थांबवा, बाहेरून किल -९ मारा, दोनेक सेकंद थांबा, मग आज्ञा द्या. ते दोन सेकंद मला कायम खटकत आलेत. तेवढ्यात प्रक्रिया पुरती मरून झॉम्बी (मेलेली, पण नोंद उरलेली) होते, आणि बग ज्या फटीत राहतो ती फटच बुजते. नंतरचे टेस्ट मुद्दाम त्या फटीत शिरतात. बरेच थ्रेड एका ब्रेकपॉइंटवर आपटत राहतात, त्यावरची अट दरवेळी खोटी ठरते, जीडीबी ती तपासून थ्रेड सोडत राहतो आणि त्या धांदलीतच प्रक्रिया संपते. असला टेस्ट एकदा पास झाला तर काहीच कळत नाही. मशीनवर बोजा टाकून शंभरदा फिरवावा लागतो.

फेल झालाच तर दोष कुणाच्या माथी, हा वेगळाच वाद. दोष भोवतालच्या प्रणालीचा म्हटलं तर निकालावर एक्सफेल हा शिक्का, आपलाच माहीत असलेला बग म्हटलं तर केफेल, सोबत बगचा नंबर. एक्सफेल लावून हात झटकणं सोपं. कर्नलला जाब विचारायला कोण जातंय?

आमच्याकडे टवाळ शेजारी नसला तरी चालतं. जुन्या मशीनवर मेमरी भरली की कर्नलचा ओओएम किलर तोच सिगकिल पाठवतो. त्या पोराला मी 'इन्फो इन्फिरिअर्स' ही आज्ञा द्यायला सांगितलं. १ नंबर जागेवर होता, प्रक्रियेच्या रकान्यात नल, म्हणजे काहीच नाही. इन्फिरिअर म्हणजे प्रक्रियाच, असं तो धरून बसला होता; ती तर प्रक्रियेसाठी राखलेली जागा. त्याने 'रन' दिलं, आणि त्याच १ नंबरात नवी प्रक्रिया येऊन बसली.