बालसखी ते निपुण: कमी पैशांत मुलांना वाचतं करण्यामागचा इतिहास

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, निवेदन दिलं. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची मुख्य तक्रार. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, शिक्षक प्रशिक्षित असू द्या आणि त्याचा पगार १२ रुपयांच्या खाली नको, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. पुढे १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. त्यानंतर कित्येक दशकं सगळी चर्चा मुलं शाळेत कशी येतील याभोवतीच फिरली. गावात शाळाच नव्हती, तेव्हा दुसरं काय होणार होतं? पण पट भरत गेला, दुपारची खिचडी सुरू झाली, तरी चौथीतल्या मुलाला चार ओळी वाचता येतात का, हे नीट तपासायची रीत पडली नाही.

हा प्रश्न मुंबईत महापालिकेच्या शाळांमधून पुढे आला. नव्वदच्या दशकाच्या मध्याला माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी युनिसेफच्या मदतीने ‘प्रथम’ ही संस्था उभी केली. तिने वस्तीतल्याच, शाळा शिकलेल्या तरुण मुलींना जेमतेम दोन आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन शाळेत पाठवलं. त्या बालसखी. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुलं रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायचं आणि अक्षरओळख, शब्द, साधे हिशेब पक्के करून घ्यायचे, एवढंच त्यांचं काम. वेगळी खोली नसेल तर व्हरांड्यात.

२००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. काही शाळांना बालसखी दिली, काहींना नाही, आणि दोन्हीकडच्या मुलांचे गुण ताडून पाहिले. पहिल्या वर्षी फरक दिसला, दुसऱ्या वर्षी तो दुप्पट झाला. मला यातला सगळ्यांत मोलाचा निष्कर्ष वेगळा वाटतो. मागची मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्गातली गर्दी कमी झाली होती, पण तिथे उरलेल्या मुलांच्या गुणांत म्हणावी तशी वाढ झाली नाही. म्हणजे नुसती वर्गातली मुलांची संख्या कमी करून भागत नाही. मूल जिथे अडलंय तिथून शिकवलं, तर ते पुढे सरकतं.

या यशाची एक बाजू मात्र मला बोचते. बालसखीला महिन्याला मिळायचे ५०० ते ७५० रुपये. कार्यक्रम स्वस्त ठरला तो मुख्यतः या मुलींच्या कमी मानधनामुळे, आणि स्वस्ताईचं कौतुक करताना हे विसरणं अन्यायाचं आहे.

२००५ पासून ‘असर’ ही मुलांना खरंच काय येतं हे तपासणारी ‘प्रथम’ची ग्रामीण पाहणी सुरू झाली. तिचं साधन अगदी साधं: एक कागद. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलासमोर आधी उतारा ठेवायचा. सरळ वाचला तर गोष्ट द्यायची. अडखळलं तर शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. गणितात हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. घरोघरी जाऊन केलेल्या या तपासणीत पुढे वर्षानुवर्षं दिसत राहिलं, की पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीची गोष्टही वाचता येत नाही.

मग मूल जिथे अडलंय तिथून शिकवायचं हे बालसखींचं काम सरकारी शिक्षकांनीच का करू नये? बिहारमध्ये ते करून पाहिलं. उन्हाळी शिबिरात शिक्षकांनी पातळीनुसार गट पाडून शिकवलं, तेव्हा मुलं वाचू लागली. पण शाळा सुरू असताना त्याच पद्धतीचं प्रशिक्षण आणि साहित्य देऊनही तेवढ्याने फरक पडला नाही. कारण शाळा उघडली की गुरुजींना पोर्शन संपवायचा असतो. यात त्यांना दोष देता येत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४च बघा: ठरलेल्या वेळेत पूर्ण अभ्यासक्रम संपवा, हे एक कर्तव्य, प्रत्येक मुलाची कुवत पाहून जादा शिकवा, हे त्याच्या लगेच पुढचं. तपासणीला येणारा अधिकारी बहुधा पहिलंच विचारतो. हरियाणात २०१२-१३ साली शाळेच्या वेळापत्रकात या कामासाठी वेगळा तास राखला, देखरेखीला माणसं नेमली, तेव्हा तेच सरकारी शिक्षक मुलांचं वाचन सुधारू शकले.

महाराष्ट्रात २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या (एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटाच्या) जिल्हा परिषद शाळा त्याआधीच गाजल्या होत्या. वर्गातल्या फरशीवर अक्षरं, अंक आणि तक्ते रंगवलेले, मुलं त्याभोवती बसून स्वतः जुळवाजुळव करताहेत, हे पाहायला राज्यभरातून शिक्षक येत. पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. खर्चाचा मोठा वाटा गावोगावी लोकवर्गणीतून उभा राहिला.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘निपुण भारत’ हे अभियान जाहीर केलं: २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला वाचन आणि साधं गणित यायला हवं. त्यात भर आहे तो सुरुवातीच्या इयत्तांवर. जी मुलं न वाचताच पाचवी-सहावीत पोचली आहेत, त्यांच्यासाठी रोजचा राखीव तास आणि तो घेणाऱ्याला पुरेसा पगार, या दोन गोष्टी अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे मांडाव्याच लागतील.