घरात पाणी शिरलं आणि घराला ओल आली: विम्याच्या लेखी ही दोन वेगळी प्रकरणं

दर जुलैत सोसायटीच्या ग्रुपवर तोच प्रश्न. ‘बेडरूमचं छत गळतंय, होम इन्शुरन्स काढलाय, क्लेम मिळेल ना?’ त्याखाली दोन तऱ्हेची उत्तरं. एक पार्टी म्हणते, ‘मिळतो की, आमच्या मेव्हण्यांना मिळाला.’ दुसरी म्हणते, ‘काही मिळत नाही, नुसता हप्ता खातात.’ दोघंही खरं बोलत असतात. मेव्हण्यांच्या घरात पाण्याची टाकी फुटली होती, दुसऱ्यांच्या भिंतीला चार पावसाळे ओल होती. दोघांनीही त्याला ‘वॉटर डॅमेज’ म्हटलं आणि ऐकणाऱ्यांचा गोंधळ पुढच्या जुलैपर्यंत पक्का झाला.

ओलीबद्दल आपल्याकडे कुणाला शिकवायची गरज नाही. पश्चिमेची भिंत, रंगाचे पोपडे, कपाटामागची बुरशी, वरच्यांच्या बाथरूमखाली छतावर पसरलेला पिवळट डाग, आणि दर मे महिन्यात ‘दहा वर्षांची गॅरंटी’ देऊन जाणारा वॉटरप्रूफिंगवाला. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. ज्याबद्दल बोलायला हवं ती दुसरी बाजू: विमा नेमकं काय भरून देतो.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक आयआरडीएआयने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकायला लावली. माझं मत विचाराल तर साध्या फ्लॅटसाठी हीच घ्यावी. झगमगीत नावांच्या पॅकेजमध्ये काय आहे हे वाचायलाच एक दिवस जातो. या पॉलिसीत घटनांची यादी असते. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी साचणं, दरड कोसळणं, दंगल वगैरे. पाण्यापुरतं बघायचं तर दोन नोंदी महत्त्वाच्या. एक, वादळ-पूर-जलमय होणं. दुसरी, पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा भरून वाहणं. या यादीत ‘ओल’ नाही. ‘झिरपणं’ नाही. यादीत नसलेल्या गोष्टीला पैसे मिळत नाहीत, कारण ही पॉलिसी नावं घेतलेल्या घटनांपुरतीच आहे. ‘एक्स्क्लूजनमध्ये (वगळलेल्या गोष्टींच्या यादीत) ओल कुठे लिहिलीय दाखवा’ असं भांडणारे लोक मी पाहिलेत. ती तिथे शोधायचीच नसते.

थोडक्यात, विमा घटनेचा असतो. घटनेला तारीख असते, बहुतेक वेळा तासही सांगता येतो. ओलीला तारीख नसते, ‘गेल्या गणपतीपासून’ असं काहीतरी असतं. अपघातात गाडीचं बंपर फुटलं तर क्लेम टाकतो, टायर झिजला म्हणून टाकत नाही. पण घराच्या बाबतीत झिजलेला टायर घेऊन जाणारेच जास्त.

इथवर बहुतेकांना पटतं. खरी गोची पुढे आहे, आणि ती अशी की भिंतीवर दिसणारं नुकसान दोन्ही प्रकारांत जवळजवळ सारखंच असतं. फुगलेलं प्लास्टर, उचकटलेला लॅमिनेट, डागाळलेलं छत. ‘बघा ना, पाण्यानेच झालंय’ हे सर्व्हेअरला (नुकसान तपासायला कंपनीकडून येणाऱ्या माणसाला) सांगून उपयोग नाही, ते त्यालाही दिसतंय. त्याला शोधायचं असतं की पाणी कुठून आलं, एकदम आलं की मुरत मुरत आलं.

तो ते कसं शोधतो हे माहीत असलेलं बरं. छतावरच्या डागाची कड बघतो. पाणी एकदा येऊन वाळलं असेल तर डागाला सहसा एकच कड असते. पाणी येऊन-वाळून-येऊन असं बऱ्याचदा झालं असेल तर एकात एक अशी तपकिरी वर्तुळं दिसतात. भिंतीवर पांढरी भुकटी, म्हणजे खार फुटलेला असेल, तर ओल जुनी. क्षार विटेतून पृष्ठभागावर यायला वेळ लागतो. प्लास्टर अंगठ्याने दाबून बघतो: नुकतं भिजलेलं प्लास्टर ओलं पण घट्ट असतं, वर्षानुवर्षं भिजलेलं भुसभुशीत होऊन हाताला लागतं. स्लॅबचं प्लास्टर सुटून आत गंजलेली सळई दिसली तर बोलायला फारसं उरत नाही, कारण सळई चार दिवसांत तशी गंजत नाही. वॉर्डरोबच्या मागच्या प्लायवर काळी बुरशी आणि खालच्या कडेला वाळवी असेल तर तेच. आणि डागावर कुणी घाईने इमल्शनचा हात मारला असेल तर तो सर्व्हेअरच्या नजरेतून सुटेल या भ्रमात राहू नका.

आता मधल्या, वादाच्या जागा. भिंतीतला कन्सील्ड पाइप ही सगळ्यात मोठी. सांधा निखळला, रात्रीत हॉलमध्ये घोटाभर पाणी झालं, तर ती पाइप फुटण्याची घटना. त्याच पाइपला सुईएवढं छिद्र पडून सहा महिने पाणी विटेत मुरत राहिलं आणि मग टाइल उचलली, तर विमा कंपनी त्याला झीज म्हणणार, आणि तिचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. म्हणून अशा वेळी प्लंबरने काढलेला पाइपचा तुकडा फेकून देऊ नका. फाटलेला पाइप आणि गंजून कुरतडलेला पाइप यांतला फरक कुणालाही दिसतो. आणखी एक: जुनाट पाइप बदलायचा खर्च ही तुमची देखभाल, विमा पाण्याने जे बिघडवलं त्याचा. एकाच बिलात दोन्ही कोंबून ‘प्लंबिंग वर्क’ लिहिणारा प्लंबर भेटला तर बिल दोन भागांत करून घ्या.

टाकी भरून वाहणं यादीत आहे हे अनेकांना माहीतच नसतं. वॉचमन पंप बंद करायला विसरला, गच्चीवरची टाकी रात्रभर वाहिली आणि पाणी जिन्यातून वरच्या मजल्यावरच्या घरात शिरलं, तर ‘ही माणसाची चूक, यात काय मिळणार’ म्हणून लोक गप्प बसतात. मुद्दाम केलेलं कृत्य पॉलिसीत वगळलेलं आहे. विसरणं म्हणजे मुद्दाम करणं नव्हे. क्लेम टाका. स्वयंपाकघरातला नळ उघडा राहिला, पहाटे पाणी आलं आणि तुंबलेल्या सिंकमधून घरभर झालं, हे मात्र तितकं सरळ नाही. सिंक हे पाण्याचं ‘उपकरण’ धरायचं का, यावर कंपनी हरकत घेऊ शकते आणि तुम्हाला तो मुद्दा लेखी लढवावा लागेल.

पावसाचं सगळ्यात जास्त चुकतं. पाऊस ही यादीतली घटना नाही. वादळ आणि पूर आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी तळमजल्यावर रस्त्यावरचं पाणी शिरलं ते जलमय होणं. त्याच इमारतीत सातव्या मजल्यावर गच्चीच्या भेगेतून छत ठिबकलं असेल तर ती गच्चीची देखभाल, पाऊस कितीही ऐतिहासिक असो. तसंच वाऱ्याचं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीकडे पत्रे उडाले, कौलं उडाली आणि मग आत पाऊस आला: हे वादळाचं नुकसान. मागच्या वर्षीपासून फुटकं असलेलं कौल यंदाच्या साध्या सरीत गळलं: ते तसं नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी घरात घुसलं किंवा जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तिथे घटना काय होती यावर वाद घालायला जागा नसते. वाद फक्त नुकसानीच्या आकड्यावर होतो. तेव्हा भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ पुसण्याआधी शेजारी टेप धरून फोटो काढा आणि तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मिळवा.

म्हणून कंपनीला जाणारा पहिला मेल (फोन नव्हे, मेल) फार महत्त्वाचा, आणि लोक तोच सगळ्यात गाफीलपणे लिहितात. ‘आमच्या घरी पावसामुळे लीकेज झालं असून भिंती खराब झाल्या आहेत, कृपया क्लेम द्यावा.’ संपलं. या एका ओळीत तुम्ही तुमची फुटलेली टाकी ओलीच्या रांगेत नेऊन उभी केलीत. त्याऐवजी जे घडलं ते लिहा: ‘१४ तारखेला पहाटे साडेचारच्या सुमारास बाथरूमच्या लॉफ्टवरच्या टाकीचा इनलेट तुटला. पाणी बेडरूममध्ये शिरलं. पाच वाजता मेन कॉक बंद केला. नुकसान: वॉर्डरोब, गादी, लाकडी फ्लोअरिंग.’ तारीख, वेळ, पाणी कुठून आलं, कधी थांबवलं. आणि मुरत आलेलं असेल तर टाकी फुटल्याची गोष्ट रचू नका. खोटा क्लेम पकडला गेला तर पॉलिसीचे सगळे फायदे जातात.

नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी असते, त्यामुळे ‘सर्व्हेअर येईपर्यंत काही हलवायचं नाही’ म्हणून पाण्यात बसून राहणं हा शुद्ध वेडेपणा. कॉक बंद करा, आधी फोटो-व्हिडिओ घ्या (खोली पूर्ण दिसेल असा एक, मग जवळून, आणि पाणी जिथून येतंय ती जागा नक्की), मग पाणी काढा. पण भिजलेली गादी भंगारवाल्याला देऊ नका आणि ‘चालतोय का बघू’ म्हणून टीव्ही-फ्रिजचं बटण दाबू नका. शॉर्ट सर्किटमुळे त्याच उपकरणाचं झालेलं नुकसान वगळलेलं असतं. तुम्ही बटण दाबल्यावर ते जळलं तर पाण्याचं नुकसान आणि विजेचं नुकसान वेगळं करत बसावं लागतं. वीज न लावता मेकॅनिकला आधी उघडून बघू द्या आणि त्याच्याकडून लेखी घ्या.

घराला आधीपासून ओल असेल आणि त्यातच टाकी फुटली, तर? जुनी ओल लपवू नका, ती वेगळी दाखवा. बेडरूमची पूर्व भिंत जुनी, बाकी सगळं १४ तारखेचं. यासाठी दर मेमध्ये प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे आणि छताचे फोटो काढून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे आणि मी ज्याला ज्याला सांगतो तो हसतो.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत, पटकन उरकतो. बिल्डिंगचा विमा आणि सामानाचा विमा वेगळे. भारत गृह रक्षामध्ये घराचा विमा घेतला की सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप मिळतात. दागिने त्यात नाहीत, वेगळे सांगावे लागतात. घराची रक्कम बाजारभावाने नाही, बांधकामाच्या खर्चाने काढायची: ७०० चौरस फूट कार्पेट, २,५०० रुपये दर धरला तर साडेसतरा लाख. ऐंशी लाखांचा फ्लॅट म्हणून ऐंशी लाखांचा विमा काढणं म्हणजे हप्ता वाया. गृहकर्जासोबत बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी घराची आहे की तुमच्या आयुष्याची, ते कागद उघडून बघा. सोसायटीचा विमा? आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, सोसायटीने इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढायचा असं आहे. तुमच्या वॉर्डरोबशी त्याचा संबंध नाही. आणि तुमच्या घरातलं पाणी खालच्यांच्या छतातून उतरलं तर तुमचा विमा त्यांचं छत रंगवून देत नाही.

मग ओलीचं काय करायचं? तिचे पत्ते वेगळे आहेत. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप यांतून पाणी येत असेल तर उपविधींप्रमाणे दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. सेक्रेटरीला तोंडी नाही, लेखी अर्ज आणि पोच. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असेल तर तो खर्च त्या सभासदाचा. इमारत नवी असेल तर रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं कलम १४ बघा: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, नाहीतर महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे तक्रार. चार वर्षं अकरा महिने वॉटरप्रूफिंगवाल्याला पैसे देऊन मग बिल्डर आठवणारे महाभाग प्रत्येक सोसायटीत असतात.

आणि खरीखुरी घटना असूनही कंपनीने ‘हे सीपेज (झिरपणं) आहे’ म्हणून क्लेम नाकारला, तर सर्व्हे रिपोर्टची प्रत आणि नाकारण्याचं कारण, पॉलिसीतल्या कोणत्या कलमाने, हे लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. लोकपालांची कार्यालयं मुंबईत आहेत, पुण्यातही आहेत. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. सोबत पाइपचा तो तुकडा आणि मे महिन्यातले फोटो न्या.